लॅरी टेस्लर गेले: कात्री, गोंद आणि कंट्रोल-सी

रातपाळी | २० फेब्रुवारी २०२०, रात्री ९.१५

आज दुपारी मुलीने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, तुमचं खातं बंद पाडणारा माणूस गेला."

लॅरी टेस्लर. गेल्या रविवारी, १६ फेब्रुवारीला वारले. वय ७४. झेरॉक्स कंपनीनेच ट्विट करून जगाला सांगितलं की कट, कॉपी, पेस्ट आणि 'शोधा व बदला' हे सगळं आमच्या या जुन्या संशोधकाचं. तोवर मला हे नाव ठाऊक नव्हतं. तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना नसेल.

मुलगी गमतीने म्हणाली, पण खोटं नाही म्हणाली. १९८४ ते १९९६ मी एका मराठी दैनिकाच्या पेस्टिंग खात्यात होतो. नवीन पोरांसाठी सांगतो. शिशाचे खिळे जाऊन फोटोटाइपसेटिंग, म्हणजे फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी, आलं होतं, पण पान अजून पडद्यावर लागत नव्हतं. जुळवलेला मजकूर ब्रोमाइडवर, म्हणजे गुळगुळीत फोटोच्या कागदावर, कॉलमच्या रुंदीच्या लांब पट्ट्यांत यायचा. ती पट्टी कापायची, पाठीला रबर सोल्यूशन लावायचं, आखलेल्या पानावर बसवायची, तिरकी गेली तर उचलून परत बसवायची. आखणी फिक्या निळ्या पेन्सिलीने, कारण कॅमेऱ्याला ती निळी रेघ दिसत नसे. मग पानाचा फोटो, फिल्म, प्लेट, आणि खाली मशीन. कट-पेस्ट म्हणजे खरोखरचं कट आणि खरोखरचं पेस्ट. महिनाअखेरीला बोटांची टोकं अशी झालेली असायची की कुठे अंगठ्याचा ठसा द्यायला गेलं तर रेघाच उठायच्या नाहीत.

मुद्रितशोधकाने एका वेलांटीवर खूण केली की जुळणी खात्यातून तेवढी एक ओळ नवीन यायची. ती ब्लेडच्या टोकावर उचलून जुन्या ओळीवर अशी बसवायची की वरच्या-खालच्या ओळींना कळता कामा नये. अनुस्वार गळला असेल तर तेवढ्यासाठी ओळ कोण मागवणार, रोट्रिंग पेनने टिंब द्यायचं. माझं टिंब चांगलं यायचं. आमच्या खात्यात माझी एवढीच कीर्ती.

एक रात्र सांगतो. निधनवार्तांचा कॉलम. डाक आवृत्ती सुटलेली, शहर आवृत्तीचं पान मागायला माणूस दोनदा येऊन गेलेला. जागा करायला मी एक वार्ता मधून कापली, शेवटचा तुकडा पुढच्या कॉलमच्या डोक्यावर न्यायचा होता. तुकडा टेबलाच्या कडेला ठेवला, पाठीला सोल्यूशन लावलेला. वळून बघतो तर नाही. टेबलाखाली पाहिलं, डब्यात पाहिलं. पान गेलं. घरी पोचून चपला काढल्या तर उजव्या टाचेला चिकटलेली ओळ: 'यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे.'

सकाळी छापून आलं ते असं की गृहस्थ गेले आणि त्यांच्या मागे कोणी नाही. अकरा वाजता थोरला मुलगा ऑफिसात आला. ओरडला नाही. कात्रण टेबलावर ठेवून म्हणाला, "आई सारखी विचारतेय, आपण कोणीच नाही का?" दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. पण दुरुस्ती वाचतो कोण.

आज संध्याकाळभर या टेस्लरबद्दल वाचत बसलो आणि एका गोष्टीशी थांबलो. साठच्या दशकाच्या शेवटाला कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोच्या भागात एक मुक्त विद्यापीठ चालायचं, लोकांनी लोकांसाठी चालवलेलं. त्यांच्या माहितीपुस्तिकेची पानं लावायला हा कात्री-गोंद घेऊन बसला होता. म्हणजे आमच्याच धंद्यातला, निदान काही रात्रींपुरता. हे वाचल्यावर त्याने तयार केलेल्या 'कट'चा अर्थ मला वेगळाच लागला. त्या कटमध्ये कापलेला तुकडा कुठेतरी धरून ठेवलेला असतो. टेबलाच्या कडेला नाही, टाचेखाली नाही. तुम्ही वळा, चहा पिऊन या, तुकडा तिथेच.

खातं बंद झालं तेव्हा आम्ही अकराजण होतो. तिघांनी संगणकावर पान लावायला शिकून घेतलं, मी त्यातला एक. बाकीच्यांपैकी काहींना ते जमलं नाही, काहींना शिकवलंच गेलं नाही. त्याचा राग माझ्या मनात आहे आणि तो राहील, पण तो या माणसावर नाही. ज्याच्या बोटांना गोंद लागलेला, त्याने हे केलं. केबिनमध्ये बसून कोणी केलं असतं तर असं झालं नसतं, असं आपलं मला वाटतं.

श्रद्धांजली.

---

मावशी_ऑनलाइन | २० फेब्रुवारी, रात्री ९.३८

भावपूर्ण श्रद्धांजली. रातपाळी, टाचेची ओळ वाचून पोटात कालवलं हो.

---

गणकचूक | २० फेब्रुवारी, रात्री ९.५२

श्रद्धांजली. झेरॉक्सच्या माणसाने कॉपी शोधून काढली यात मला तरी आश्चर्य नाही. आमच्या कॉलेजसमोर चार दुकानं होती, चारही 'झेरॉक्स', आणि एकातही झेरॉक्स कंपनीचं मशीन नव्हतं.

बाकी २०११ आठवलं. ५ ऑक्टोबरला स्टीव्ह जॉब्ज गेले, आठवडाभर पेपरात दुसरं काही नव्हतं. १२ तारखेला डेनिस रिची गेले. ज्यांच्या सी भाषेवर आणि युनिक्सवर सगळ्यांचं घर उभं, त्यांना आमच्या ऑफिसात एक मेल, त्यावर तीन उत्तरं. टेस्लरांना निदान एक धागा मिळाला.

---

उलटतपासणी | २० फेब्रुवारी, रात्री १०.२०

लेख आवडला, पण एकाच माणसाला सगळं श्रेय द्यायची आपल्याला सवय आहे, म्हणून थोडं.

पडद्यावरचा मजकूर उचलून दुसरीकडे नेणं हे टेस्लरच्या आधीही होतं. डग्लस एंगलबार्ट या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक दिलं, त्यात माऊसही होता आणि मजकूर हलवणंही होतं. आणि झेरॉक्स पार्क, म्हणजे झेरॉक्सची पालो अल्टोतली संशोधनशाळा, तिथला 'जिप्सी' हा संपादक (माणूस नव्हे, मजकूर टंकायचा-सुधारायचा प्रोग्राम) टेस्लरने एकट्याने लिहिलेला नाही. टिम मॉट बरोबरीने होता. मॅसॅच्युसेट्समधल्या गिन नावाच्या पाठ्यपुस्तक प्रकाशनासाठी ते काम होतं, ती कंपनी झेरॉक्सच्याच मालकीची. मॉट तिकडे जाऊन संपादक हाताने कसं काम करतात ते बघून आला.

मग नवीन काय, तर क्रम. आधीच्या पद्धतीत 'हलव' असा हुकूम आधी द्यायचा, मग काय हलवायचं ते दाखवायचं, मग कुठे ते दाखवायचं, मग पक्कं करायचं. हे सगळं एका दमात. मध्ये फोन वाजला तर यंत्र अर्ध्या हुकुमात अडकून उभं. टेस्लर-मॉट जोडीने त्याचे दोन तुकडे केले. आधी मजकूर निवडा, मग कट. इथे एक काम संपलं. मध्ये हवं ते करा. मग जागा दाखवा, पेस्ट. रातपाळी म्हणतात तो 'धरून ठेवलेला तुकडा' या दोन तुकड्यांमुळे आला. माऊसचं बटण दाबून मजकुरावरून ओढत नेलं की तेवढा निवडला जातो, हेही जिप्सीतच.

---

रातपाळी | २० फेब्रुवारी, रात्री १०.३५

उलटतपासणी, मान्य. मॉटचं नाव मी लिहायला हवं होतं. पश्चात परिवारातलं नाव गाळायची माझी खोड जुनीच दिसते.

---

सनीवेलकर | २० फेब्रुवारी, रात्री ११.०५ (आमच्याकडे सकाळ)

मी इथे कॅलिफोर्नियात एकवीस वर्षं आहे. कोयोट हिल रोडवरून, म्हणजे पार्कच्या समोरून, कितीदा गेलो असेन. टेकडीच्या उतारावर बसवलेली इमारत, आजूबाजूला वाळलेलं गवत. कोणाला सांगितलं की तुमच्या फोनमधलं निम्मं डोकं इथून आलं, तर खरं वाटू नये.

टेस्लरांना कधी भेटलो नाही, पण त्यांच्या गाडीची नंबरप्लेट या भागात प्रसिद्ध होती: 'नो मोड्स'. संकेतस्थळाचं नावही तेच. हा त्यांचा आयुष्यभराचा हट्ट. मोड म्हणजे यंत्राची अशी अवस्था की तीच कळ कधी एक करते, कधी दुसरंच, आणि आत्ता कोणती अवस्था चालू आहे ते लक्षात ठेवायचं काम तुमचं.

पार्कमध्ये आधी 'ब्राव्हो' नावाचा संपादक होता, बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांचा. त्याची गोष्ट इथे अजून सांगतात. ब्राव्होत हुकूम देण्याची अवस्था वेगळी आणि टंकायची वेगळी. तुम्ही टंकायच्या अवस्थेत आहात असं समजून 'एडिट' हा साधा इंग्रजी शब्द टंकलात. चार अक्षरं. पण यंत्र हुकमाच्या अवस्थेत. मग 'ई' म्हणजे सगळं निवड. 'डी' म्हणजे पुसून टाक. 'आय' म्हणजे आता टंकायला घे. आणि मग टंकलं गेलं 'टी'. दिवसभराच्या कामाच्या जागी पडद्यावर एकटा 'टी' उभा.

पार्कमधल्या हुशार लोकांचं म्हणणं, सवयीने जमतं. टेस्लरने काय केलं, तर नुकत्याच रुजू झालेल्या एका सेक्रेटरीला, तिला कोणीही काही शिकवायच्या आत, कोऱ्या पडद्यासमोर बसवलं. समज इथे मजकूर आहे, तुला यात शब्द घालायचाय, काय करशील? ती म्हणाली, जागा दाखवीन आणि टंकीन. खोडायचं असेल तर? त्यावरून रेघ ओढीन. झालं. यंत्र तिच्यासारखं वागायला शिकलं पाहिजे, तिने यंत्रासारखं नाही.

---

कडू_कारले | २० फेब्रुवारी, रात्री ११.१२

नो मोड्स म्हणजे गृहस्थ मटकीच्या उसळीला मुकले की.

---

मावशी_ऑनलाइन | २० फेब्रुवारी, रात्री ११.१८

कारल्या, श्रद्धांजलीच्या धाग्यावर तरी गप्प बस रे. (हसले मात्र.)

---

अर्धविराम | २१ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

पेस्टिंगच्या पलीकडच्या खोलीतली मी. मुद्रितशोधन, तेवीस वर्षं, त्यातली पहिली सात कागदावर. रातपाळी, तुमच्यासारख्या एकाने माझी खूण बघून "मॅडम, एवढ्या एका रफारासाठी?" असं कितीदा विचारलं असेल, मोजदाद नाही.

मला त्या कळांबद्दल लिहायचंय. ॲपलने १९८३मध्ये 'लिसा' हा संगणक आणला, त्यात झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या रांगेतल्या शेजारी-शेजारच्या कळा पूर्ववत, कट, कॉपी, पेस्टला दिल्या. टेस्लर तोवर ॲपलमध्ये आलेला होता. एक्स म्हणजे खोडल्याची फुली. सी कॉपीचा, सरळच आहे. आणि व्ही म्हणजे मजकूर घुसवायची खूण. हे वाचलं आणि मी उडालेच. हे आपलं काकपद! पोथीत अक्षर राहिलं की लेखनिक ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करून समासात अक्षर लिहायचा. आम्ही प्रुफावर तेच करत होतो. कंट्रोल-व्ही दाबताना मी इतकी वर्षं काकपदच देत होते आणि मला पत्ता नाही.

आता आपल्याकडची गंमत. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर एक्सच्या जागी काय आहे? अनुस्वार. सीच्या जागी म, व्हीच्या जागी न. जी कळ रातपाळींचं टिंब देते, तीच कंट्रोल धरला की कापते.

आणि मोड्सबद्दल म्हणाल तर सनीवेलकर, आपण दोन लिप्यांत जगणारे लोक. आपली मोडपासून सुटका झालीच नाही. कळफलक मराठीत आहे की इंग्रजीत हे कोपऱ्यातल्या त्या दोन अक्षरांकडे न बघता टंकायला लागायचं, ओळ संपल्यावर मान वर करायची आणि पडद्यावर भुताटकी. पासवर्डच्या चौकटीत तर नुसते ठिपके, तीनदा चुकला की खातं बंद. हा ब्राव्होतला 'टी' मी रोज भोगते.

---

गणकचूक | २१ फेब्रुवारी, सकाळी ८.२५

अर्धविराम +१००. पासवर्ड मराठीत टंकून खातं बंद पाडलेल्यांचा संघ काढू.

---

टिंबटिंब | २१ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

अवांतर होईल, पण कॉपी-पेस्ट मराठीला मिळालं ते टेस्लरांच्या पंचवीस-तीस वर्षं नंतर, हे इथे लिहून ठेवतो. नव्वदीत मी डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम, करायचो. तेव्हाच्या फाँटात देवनागरी ही फक्त चित्रं होती. आतून इंग्रजी अक्षरांचे आकडे, वरून मराठीचा मुखवटा. एका प्रोग्राममधून कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं की मुखवटा गळून पडायचा आणि स्वल्पविराम, डॉलर, कंस यांची खिचडी यायची. (आज महाशिवरात्र, म्हणून खिचडी.) एका गिऱ्हाइकाचा सव्वाशे पानांचा मजकूर मी असा दोनदा टंकलाय, कारण त्याचा फाँट आणि माझा फाँट एकमेकांना ओळखत नव्हते.

युनिकोडने, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीने, ते संपवलं, आणि घराघरात पोचलं ते विंडोज २०००बरोबर आलेल्या 'मंगल' फाँटमुळे. मंगल रेखाटला र. कृ. जोशींनी. कवी, सुलेखनकार, जे. जे.चे, पुढे आयआयटी मुंबईत शिकवणारे. तेही फेब्रुवारीतच गेले, २००८ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. मंगल दिसायला कसा यावर भांडणं होतील, माझंही फारसं प्रेम नाही. पण जोडाक्षर कॉपी केलं आणि पेस्ट केल्यावर जोडाक्षरच उतरलं, तो दिवस मला आठवतो. मी बायकोला हाक मारून दाखवलं होतं. तिला कळेना यात बघायचं काय.

---

अर्धविराम | २१ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

टिंबटिंब, अगदी. आणि तरी अजून सगळं जुळलेलं नाही. 'दुसऱ्या'तला ऱ्या दोन पद्धतींनी साठवला जातो. दिसायला एकच, आत वेगळा. 'शोधा'मध्ये एक टाकला तर दुसरा सापडत नाही. डोळ्यांना दिसतोय आणि यंत्र म्हणतंय नाही. अशा वेळी मी पेन्सिल काढते.

---

कडू_कारले | २१ फेब्रुवारी, सकाळी १०.०२

'शोधा व बदला' म्हणालात म्हणून माझं पाप कबूल करतो. आमच्या संस्थेचा दिवाळी अंक. संपादकांना 'पण' आवडत नसे, 'परंतु' हवं. अंक छपाईला जायच्या रात्री मी हुशारी केली. पण शोधा, परंतु बदला, सगळे बदला. यंत्र म्हणालं ३१२ ठिकाणी बदललं. मला वाटलं, लेखकांनी पण फारच वापरलाय.

छापून आलं: 'आपरंतु सर्वांनी दारी एक परंतुती लावावी.' एका ज्येष्ठ लेखिकेच्या आठवणीत 'माझ्या लहानपरंतुी परंतुजोबा सांगत.' अध्यक्षांची सहल 'परंतुजीला' गेली होती.

टेस्लरसाहेब, चूक तुमची नव्हती. परंतु.

---

मावशी_ऑनलाइन | २१ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

परंतुती!! उपासाच्या दिवशी चहा नाकातून आला.

माझं पण सांगते. (पणच लिहिणार.) आमच्या सोसायटीची सेक्रेटरी मी. मागच्या वर्षीची सूचना कॉपी करायची, तारीख बदलायची, चिकटवायची, हे काम मला भाच्याने शिकवलं. शब्दावर बोट दाबून ठेवायचं, दोन निळे थेंब येतात, ते ओढून हवं तेवढं धरायचं. थेंब माझ्या बोटाखाली दिसायचेच नाहीत, दहादा निसटायचे. जमलं तेव्हा केवढा आनंद. पहिल्याच सूचनेत मी तारीख बदलली आणि खालची सही राहिली. दोन वर्षांपूर्वी वारलेले आमचे अध्यक्ष सर्व सभासदांना सभेला अगत्याने उपस्थित राहण्याची नम्र विनंती करत होते. त्यांच्या बायकोनेच मला फोन करून सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, "असू दे गं, नाहीतरी ह्यांचं निम्मं आयुष्य त्या सभांतच गेलं."

---

उलटतपासणी | २१ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

हसून झालं असेल तर जरा कडू बोलतो, कारल्यांची परवानगी गृहीत धरून.

कॉपी-पेस्ट फुकट झालं तसं लिहिणाऱ्याचं नाव गळायलाही काही लागेनासं झालं. पूर्वी कोणाचा लेख चोरायचा तर निदान हाताने उतरवून काढावा लागे, चोराचीही बोटं दुखत. आता पहाटे पाचला नाव कापून पुढे ढकलतात, खाली 'लेखक अनामिक'. लेखक अनामिक नसतो, त्याला अनामिक केलेला असतो. माझा एक लेख मला चार वेगवेगळ्या थोर व्यक्तींच्या नावाने आलाय. त्यातला एक तर लेख लिहिला त्याच्या आधीच वारलेला. मी टेस्लरला दोष देत नाही, सुरी करणाऱ्याला खुनाचा दोष देऊ नये. पण श्रद्धांजलीत हेही यावं.

---

सनीवेलकर | २१ फेब्रुवारी, दुपारी १.०५ (आता आमची रात्र)

यावंच. आणखी दोन गोष्टी लिहितो आणि झोपतो.

एक. डिसेंबर १९७९मध्ये स्टीव्ह जॉब्ज आपल्या माणसांना घेऊन पार्क बघायला आला, ती भेट सगळ्यांना माहीत आहे. पडद्यावर सगळं चालवून दाखवणाऱ्यांत टेस्लर होता. दुसऱ्या वर्षी तो ॲपलमध्ये. १९९७पर्यंत तिथे. त्याच्याकडे न्यूटनचंही काम आलं. हातात मावणारं, पेनने लिहायचं यंत्र. बाजारात पडलं. पण न्यूटनला कमी वीज खाणारी चिप हवी होती, आणि त्या शोधात ॲपलने १९९०मध्ये एकॉर्न आणि व्हीएलएसआय या कंपन्यांबरोबर पैसे घालून एआरएम ही कंपनी उभी केली. त्यात टेस्लरचा हात मोठा. मी चिपच्या धंद्यात आहे म्हणून सांगतो. मावशींचे निळे थेंब ज्या फोनवर निसटले, त्याच्या पोटात बहुतेक एआरएमच्याच आराखड्याची चिप आहे. पडलेल्या वस्तूतून एवढं निघावं.

दोन. त्याच्या नावाचा एक नियम आहे. कुठल्याही कामात ठरावीक गुंतागुंत असतेच, ती नाहीशी करता येत नाही, फक्त कोणी सोसायची ते ठरवता येतं: बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने. लाखो लोकांचं रोज एकेक मिनिट जाण्यापेक्षा इंजिनिअरने आठवडाभर जास्त घासावं, असं त्याचं म्हणणं. आमच्या मीटिंगांत हे कोणी बोललं की सगळे माना डोलावतात आणि मग तारीख जवळ आली म्हणून वापरणाऱ्याच्या गळ्यात घालतात. मीही घातलंय.

---

गणकचूक | २१ फेब्रुवारी, दुपारी २.३०

याचं जिवंत उदाहरण. परवा वडिलांसाठी एका पोर्टलवर फॉर्म भरत होतो. खातेक्रमांक दोनदा टाका. दुसऱ्या चौकटीत पेस्ट बंद. ठीक, चूक होऊ नये म्हणून असेल. पण पहिल्या चौकटीतही पेस्ट बंद! म्हणजे पासबुकावरून सोळा आकडे नजरेने उचलून दोनदा टंका. वडील आकडे वाचून दाखवतायत, मी टंकतोय, मध्येच ते विचारतात, "शून्य तीन होते की चार?" आणि तेवढ्यात मुदत संपली, पहिल्यापासून सुरू करा. १९७५ साली गिनच्या संपादकांच्या हाती जे होतं, ते २०२०मध्ये माझ्याकडून काढून घेतलं.

वडील शांतपणे म्हणाले, "त्यापेक्षा झेरॉक्स जोडून कागदाने पाठवू."

---

कडू_कारले | २१ फेब्रुवारी, दुपारी २.४१

पाठवली का?

---

गणकचूक | २१ फेब्रुवारी, दुपारी २.४४

हो. स्वतः साक्षांकित करून, दोन प्रतींत.

---

टिंबटिंब | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०

रातपाळी, एक विचारायचं राहिलं. ती टाचेची ओळ. तिचं पुढे काय केलंत?

---

रातपाळी | २१ फेब्रुवारी, रात्री ८.५०

सोडवून काढली. सोल्यूशन असलं की ब्रोमाइड फाटत नाही, हळू ओढलं की सुटतं. दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्तीसाठी नवीन मजकूर जुळवून आला, पण मी कोणाला न सांगता त्यात तीच ओळ चिकटवली. एका कोपऱ्यात चपलेचा ठसा होता, तो ब्लेडने खरवडून घेतला. छपाईत दिसला नाही.

माझी ब्लेडची डबी अजून आहे. मुलगी म्हणते फेकून द्या, गंज चढलाय. मी पान मात्र आता पडद्यावरच लावतो, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं चारपानी पत्रक. आणि खरं सांगायचं तर कट दाबताना अजून माझा डावा हात नकळत टेबलाची कड चाचपतो.

सगळ्यांना धन्यवाद. अर्धविराम, काकपदासाठी खास.

---

अर्धविराम | २१ फेब्रुवारी, रात्री ९.०५

पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा). आणि तुमच्या पहिल्या परिच्छेदात प्रुफाची एकही चूक सापडली नाही, हे नोंदवून ठेवते. शोधली होती.

---

रातपाळी | २३ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

एक सांगायलाच हवं, उलटतपासणींसाठी. आत्ता पहाटे मेहुण्याने व्हॉट्सॲपवर एक निरोप पाठवला. 'वाचाच!! डोळ्यात पाणी येईल' असं वर लिहून, दोन फुलं आणि हात जोडलेले. उघडलं तर माझाच लेख. माझं नाव नाही, खाली 'लेखक अनामिक, आवडल्यास पुढे पाठवा'. ते अपेक्षितच.

पण कोणीतरी लांब वाटतंय म्हणून मधून कापलाय. ब्रोमाइड आहे, निळी पेन्सिल आहे, माझं टिंबसुद्धा आहे. निधनवार्तेची रात्र आहे, मी घरी पोचून चपला काढतो तिथपर्यंत. आणि पुढे एकदम 'आज संध्याकाळभर या टेस्लरबद्दल'.

'यांच्या पश्चात'ची ओळ पुन्हा गळली.

---

कडू_कारले | २३ फेब्रुवारी, सकाळी ६.५२

टाच बघा कोणाची तरी.